पंचवीस रुपयांचं पार्सल आणि काढून घेतलेला फोन

मडगावहून आलेलं हे पत्र. लिहिणारे गृहस्थ चाळिशीतले, नोकरी वेर्ण्याला. आईवडील डिचोली तालुक्यातल्या गावच्या घरी. वडील सत्तरीचे, मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त. दोह्याला असलेल्या मुलीने चवथीआधी पोस्टाने पार्सल पाठवलं होतं. त्याच दिवसांत वडिलांना एका परदेशी नंबरावरून इंग्रजी मेसेज आला : पार्सल गोदामात पोहोचलं आहे, पत्ता अपूर्ण असल्यामुळे दोनदा प्रयत्न करूनही देता आलं नाही, बारा तासांत खालच्या लिंकवर पत्ता दुरुस्त करा, नाहीतर परत पाठवू. लिंक उघडली, पोस्टाचं चिन्ह दिसलं, पत्ता भरला, डेबिट कार्डाने पंचवीस रुपये भरले. रात्री परदेशी दुकानांच्या नावाने दोन व्यवहारांत ४१,३०० रुपये गेले. ओटीपी आलाच नाही. वडील गप्प राहिले. सहाव्या दिवशी पासबुक छापून आणल्यावर आईला कळलं, आईकडून मुलाला. चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मुलगा वडिलांवर ओरडला, त्यांचा स्मार्टफोन काढून घेतला आणि बटनांचा साधा फोन हातात दिला. कार्ड बंद केलंय. बँकेत तोंडी उत्तर मिळालं, “माहिती तुम्हीच दिलीत, आता काही होणार नाही.” तीन आठवडे झाले, वडील मुलाशी कामापुरतंच बोलतात. बायको म्हणते, फोन परत द्या. पत्रलेखक विचारतात : शिकलेला, सरकारी नोकरी केलेला माणूस असा कसा फसतो? असले मेसेज ओळखायचे कसे? पैसे गेले ते गेलेच का? आणि फोन काढून घेतला यात माझं काय चुकलं?

तुमच्या पत्रात रक्कम आहे, तारखा आहेत, बँकेतला माणूस काय म्हणाला तेही आहे. एक गोष्ट मात्र कुठेच नाही. दोह्याहून निघालेलं ते खरं पार्सल आलं का? बहुधा एवढ्या गदारोळात घरात कुणी विचारलंही नसेल. उत्तराची सुरुवात तिथूनच करू या, कारण बाबा फसले ते त्या पार्सलापायी.

ज्याला काहीच यायचं नाही तो असला मेसेज वाचतो आणि पुसून टाकतो. पाठवणाऱ्याला तुमच्या बहिणीच्या पार्सलाचा पत्ताही नव्हता. ही माणसं एकच मजकूर हजारो नंबरांवर सोडून देतात आणि वाट बघतात. चवथीच्या आधीच्या पंधरवड्यात गोव्यात कुणाचं ना कुणाचं काहीतरी वाटेत असतंच. मखराला लावायच्या दिव्यांच्या माळा, मुलांचे कपडे, आखातातून नाहीतर इंग्लंडातून कुणी धाडलेलं खोकं. त्यामुळे नेम धरावाच लागत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. सरकारी नोकरी केलेला माणूस फसतो कसा? मला तर वाटतं, सरकारी नोकरी मनापासून केली म्हणूनच ते फसले. लॉटरी लागली, बक्षीस मिळालं असल्या मेसेजांना माणूस लोभाने भुलतो. इथे मिळायचं काहीच नव्हतं. एक त्रुटी होती, ती दुरुस्त करायची मुदत होती आणि किरकोळ शुल्क होतं. ज्याने सगळी हयात लोकांच्या अर्जातल्या त्रुटी दाखवण्यात आणि मुदतीत त्या पुऱ्या करून घेण्यात घालवली, त्याच्यापुढे तसाच कागद आला. त्यांनी तो मुदतीत निकाली काढला, एवढंच. पंचवीस रुपये हा आकडाही उगाच नाही. त्यासाठी कामावर असलेल्या मुलाला फोन करून विचारायला कुणालाही ओशाळवाणं वाटेल, इतकी लहान रक्कम आहे ती. चोराला त्या पंचवीस रुपयांशी देणंघेणं नसतंच. त्याला हवा असतो कार्डाचा नंबर, मुदत संपण्याची तारीख आणि मागचे तीन आकडे. परदेशी संकेतस्थळांवर पुष्कळदा एवढ्यावरच पैसे कापले जातात, ओटीपी लागत नाही. बाबांना ओटीपी आला नाही त्याचं कारण हेच असावं.

आणि “पत्ता अपूर्ण”! आपल्याकडच्या गावात हे कुणाला खोटं वाटेल? आपले पत्ते असतातच तसे. घर क्रमांक, वाड्याचं नाव, सातेरीच्या देवळामागे, पिनकोड ४०३ ने सुरू होणारा, संपला पत्ता. कुरिअरचा मुलगा तिठ्यावर स्कूटर उभी करून फोन करतो, “घर खंय तुमचें?” मग आपण त्याला चढणीवरून वर, फणसाकडून आत असं करत दारापर्यंत आणतो. जो मेसेज मुंबईच्या इमारतीत राहणाऱ्याला संशयास्पद वाटेल, तो डिचोलीत अगदी खरा वाटतो.

पण नीट पाहिलं तर खूणही यातच आहे. गावात पत्ता सापडला नाही की फोन येतो. पोस्टाचं असेल तर पोस्टमन घर ओळखतो, निदान आडनाव ओळखतो. नाहीच भेट झाली तर वस्तू पोस्टात ठेवून तशी चिठ्ठी देतो. पत्ता दुरुस्त करा नाहीतर पार्सल परत जाईल असे लिंकसकट मेसेज भारतीय टपाल खातं पाठवत नाही, हे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितलंय.

तो मेसेज अजून फोनमध्ये असेल तर पुसू नका, पुरावा आहे. बाबांना शेजारी बसवून एकदा उघडा. लिंकला बोट लावायचं नाही, फक्त वाचायचं. आधी वरचा नंबर. भारतात बँका, सरकारी खाती, कंपन्या यांचे रीतसर एसएमएस दहा आकडी किंवा परदेशी नंबरावरून येत नाहीत, नंबराच्या जागी दिसणाऱ्या अक्षरांच्या शीर्षकावरून येतात. २०२५ पासून त्या शीर्षकाच्या शेवटी आडवी रेघ आणि एक अक्षर असतं, सरकारी मेसेजला जी, सेवेच्या मेसेजला एस, व्यवहाराच्या मेसेजला टी, जाहिरातीला पी. बाबांना आलेल्या मेसेजवर यातलं काही नव्हतं. आयफोनवर हेच मेसेज भलत्याच ईमेल पत्त्यावरून येतात आणि “वाय लिहून उत्तर द्या, मग लिंक उघडेल” असं सांगतात. तसं उत्तर दिलं की अनोळखी पाठवणाऱ्याच्या लिंकवर फोनने घातलेलं कुलूप आपणच काढून देतो.

मग बघा पार्सलाचा नंबर दिलाय का. आंतरराष्ट्रीय टपालाचा नंबर तेरा खुणांचा असतो, दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी ज्या देशातून निघालं त्या देशाची दोन अक्षरं. भारतातून निघालेल्याच्या शेवटी आय-एन, कतारहून निघालेल्याच्या शेवटी क्यू-ए. तुमच्या बहिणीकडच्या पावतीवर हा नंबर असणार. खोट्या मेसेजात बहुतेकदा नंबरच नसतो. असला तर बहिणीच्या पावतीशी जुळत नाही.

शेवटी लिंकचा पत्ता. पोस्टाचं खरं संकेतस्थळ आहे इंडियापोस्ट डॉट गव्ह डॉट इन. खोट्या पत्त्यात सुरुवातीला इंडियापोस्टसारखं दिसणारं काहीतरी असतं आणि पुढे डॉट टॉप किंवा डॉट एक्सवायझेड निघतं. नावाच्या सुरुवातीवर जाऊ नका. सुरुवातीचं https:// सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते बघा, मालक कोण हे तिथे कळतं. कुलपाच्या चित्राचा काही उपयोग नाही. जोडणी सांकेतिक आहे, म्हणजे मधल्या कुणाला मजकूर वाचता येत नाही, एवढंच ते सांगतं, आणि तशी जोडणी चोरालाही सहज मिळते. इंग्रजीतल्या चुकांवरून ओळखा असा सल्ला अजून दिला जातो. त्यावर विसंबू नका, आता हे मेसेज सफाईदार असतात, मराठीतही येऊ लागले तर नवल नाही.

एवढं सगळं लिहून झाल्यावर सांगतो : ही परीक्षा बाबांना दर वेळी द्यायला लावू नका. तुम्हीही देऊ नका. घाईत, चष्म्याशिवाय, पाहुण्यांच्या गर्दीत कुणीही नापास होईल. शिवाय काही खऱ्या कंपन्याही लिंक पाठवतात. खासगी आंतरराष्ट्रीय कुरिअर ओळखपत्र मागतात, सीमाशुल्क भरायची लिंक देतात. म्हणजे लिंक दिसली की खोटं, हा नियमही पुरा पडत नाही. त्यापेक्षा मेसेज खरा की खोटा हे ठरवायच्या फंदातच पडू नये आणि त्यातल्या वाटेने जाऊच नये. पार्सल पाठवणाऱ्याकडून नंबर घ्यायचा, पोस्टाच्या किंवा त्या कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून तिथे तो नंबर घालायचा. ऑनलाइन मागवलेली वस्तू असेल तर ज्या अ‍ॅपवर मागवली तिथेच बघायचं. यातलं काही जमत नसेल तर गावच्या पोस्टात जाऊन विचारायचं किंवा १८०० २६६ ६८६८ या पोस्टाच्या टोल-फ्री नंबरावर फोन करायचा. मेसेज खरा असेल तर तीच अडचण तिथेही दिसेल. परदेशी टपालावर शुल्क लागलंच तर ते पार्सल हातात देताना घेतात, पावती मिळते. गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, तिथेही भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात.

एका बाबतीत मात्र घोटाळा होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टाला ओटीपी घेऊन वस्तू देण्याची सोय आहे, ऑनलाइन दुकानंही तसं करतात. “ओटीपी कुणालाही सांगायचा नाही” असं बाबांना शिकवलंत तर ते दारात आलेल्या पोस्टमनलाच परत पाठवतील. म्हणून असं सांगा : वस्तू घेऊन माणूस समोर उभा असेल आणि मेसेजात पार्सल देण्यासाठीचा ओटीपी असं लिहिलेलं असेल तरच सांगायचा. फोनवर, चॅटवर, लिंकवर नाही.

पैशांचं बोलू. बँकेतल्या माणसाचं तोंडी “काही होणार नाही” हे उत्तर धरून बसू नका. खोटी आशा मी दाखवणार नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या चौकटीत, ग्राहकाने स्वतःच्या निष्काळजीपणाने माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. चूक तिसऱ्याचीच असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच येत नाही. बाबांचे पाच दिवस गेले, ते आड येणार. पण त्याच परिपत्रकात हेही आहे की ग्राहकाची जबाबदारी होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. बाबांनी मान्यता दिली ती पंचवीस रुपयांना. रात्रीच्या दोन व्यवहारांना त्यांनी ना ओटीपी दिला, ना ते केले. म्हणून लेखी अर्ज द्या आणि त्यात स्पष्ट लिहा की हे दोन परदेशी व्यवहार अनधिकृत आहेत, ओटीपी आला नाही आणि दिला नाही, कार्ड कंपनीमार्फत चार्जबॅकची, म्हणजे दुकानाच्या बँकेकडून पैसे परत घेण्याची, मागणी करावी. चार्जबॅक हा शब्द अर्जात असू द्या, काउंटरवर तो समजतो. त्यालाही मुदत असते, म्हणून हा अर्ज याच आठवड्यात गेला पाहिजे.

सोबत सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर, तक्रार नोंदवा. जमलं नाही तर डिचोली पोलीस ठाण्यात किंवा रायबंदरच्या सायबर गुन्हे ठाण्यात जा. तक्रारीचा क्रमांक बँकेच्या अर्जाला जोडा. आता हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी : पैसे गेल्याचं कळल्या क्षणी १९३० लावा. ही केंद्र सरकारची हेल्पलाइन आहे आणि तिचा सगळा जोर वेळेवर आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतानाच ते गोठवता येतात, काढून झाल्यावर नाही. पैसे गेले नसतील, नुसता मेसेज आला असेल, तर संचार साथी संकेतस्थळावरच्या चक्षू सुविधेत तो कळवता येतो. दोन मिनिटांचं काम आहे, करावं.

बाबांचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर त्या लोकांकडे गेलाय हेही विसरू नका. थोड्या दिवसांत कुणीतरी गोड आवाजात फोन करेल : “बँकेतून बोलतोय, तुमचे ४१,३०० परत मिळवून देतो, थोडी फी लागेल.” एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. रक्कम अचूक सांगितली म्हणून माणूस खरा ठरत नाही.

आता फोन. तुम्ही तो रागाने काढून घेतलात की काळजीने, हे तुमचं तुम्हाला ठाऊक. दोन्ही असेल. पण सुरक्षेसाठी घेतला असं म्हणत असाल तर हिशेब तपासा. बटनांच्या फोनवर एसएमएस येतातच, फोन तर येतातच. “कुरिअरमधून बोलतोय, पत्ता सापडत नाही, स्टार-एकवीस-स्टार लावून हा नंबर डायल करा” हा प्रकार बटनांच्या फोनवरही चालतो. त्याने तुमचे येणारे फोन दुसऱ्याकडे वळतात, आणि बँकेने फोनवर सांगितलेला ओटीपीही तिकडे जातो. कुणी चुकून केलंच तर ##००२# डायल करून सगळी वळवणूक रद्द करता येते. “तुमच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे” ही धमकीही साध्या फोन-कॉलनेच सुरू होते. कायद्यात असली अटक नाहीच, पण दरडावणाऱ्या पोलिसी आवाजापुढे एकटा म्हातारा माणूस काय करणार? त्या वेळी त्याला एकच गोष्ट वाचवू शकते, ती म्हणजे न घाबरता मुलाला फोन लावता येणं. आणि तुम्ही नेमकी तीच बंद केलीत. बाबा पाच दिवस गप्प बसले ते तुम्ही ओरडाल म्हणून, आणि तुम्ही ओरडलात, तेही चवथीच्या पाहुण्यांसमोर. पुढच्या खेपेला ते पाच दिवस नाही, पाच महिने गप्प बसतील.

तुमच्या पत्नीचं बरोबर आहे. फोन परत द्या. देण्याआधी एखादी अनोळखी फाइल किंवा अ‍ॅप त्या दिवशी फोनमध्ये उतरलं नाही ना, ते पाहा. पार्सलाचा माग काढायला अ‍ॅप उतरवा असं सांगून पूर्ण फोन ताब्यात घेणाऱ्या फाइली फिरतात. अनोळखी ठिकाणचे अ‍ॅप घेण्याची परवानगी सेटिंगमध्ये बंद करा. नवीन कार्ड आलं की परदेशी व्यवहार बंद ठेवा आणि ऑनलाइन खर्चाची मर्यादा लहान ठेवा. हे बंद-चालू करायची सोय प्रत्येक बँकेने द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा २०२० पासूनचा नियमच आहे. पेन्शनचं खातं कार्डापासून आणि यूपीआयपासून वेगळं करता आलं तर उत्तम : पेन्शन एका खात्यात, महिन्याच्या खर्चापुरते पैसे दुसऱ्यात, आणि कार्ड फक्त दुसऱ्याला. मग कितीही मोठी चूक झाली तरी ती त्या महिन्यापुरतीच राहील. हे सगळं बाबांच्या पाठीमागे करू नका. खातं त्यांचं आहे.

“माफी मागू का?” असं तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात तो प्रश्न घुटमळतो. मागा. लांबलचक नको. सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं, एवढं पुरे. आणि जमलं तर ज्या पाहुण्यांसमोर बोललात त्यांच्यापैकी कुणी असताना मागा. घरात एक ठराव करा, तुमच्यासकट सगळ्यांसाठी : पैशांचा कसलाही मेसेज आला की आधी घरातल्या दुसऱ्या कुणाला वाचून दाखवायचा, आणि ऐकणाऱ्याने पहिली पाच मिनिटं एक शब्दही बोलायचा नाही. तुम्हाला ते जड जाईल, तुमच्या पत्रावरून वाटतं तसं.

राहिला बँकेचा अर्ज. तो तुम्ही लिहू नका, बाबांना लिहू द्या. विषय, संदर्भ, मुद्देवार हकिकत, सोबत जोडलेल्या कागदांची यादी, हे त्यांच्याइतकं चोख तुम्हाला जमणार नाही. तुम्ही फक्त पासबुकाच्या पानाची आणि मेसेजच्या स्क्रीनशॉटची प्रिंट काढून आणा आणि सोमवारी त्यांना बँकेत घेऊन जा. अर्ज शाखा व्यवस्थापकाच्या नावाने द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर त्याच प्रतीच्या आधारे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. जाता-येता पोस्टातही डोकावा आणि बहिणीच्या पावतीवरचा तो तेरा खुणांचा नंबर खिडकीवर दाखवा.